धावपट्टी वाढते तेव्हा शेजाऱ्यांचे नेमके काय बदलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे : घरापासून काही किलोमीटरवर असलेल्या विमानतळाची धावपट्टी लांबवण्याचा प्रस्ताव जाहीर झाला आहे. पर्यावरण अहवालात आवाजातील वाढ ‘नगण्य’ असेल असे म्हटले आहे. ते खरे मानावे का, घराच्या उंचीवर व किमतीवर काय परिणाम होईल, आणि जनसुनावणीत नेमके काय मागावे? विमानतळांचे आराखडे आणि त्यांचे ध्वनी-अहवाल तपासणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. धावपट्टीची लांबी हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने दुय्यम मुद्दा आहे. त्या लांबीमुळे कोणती विमाने येऊ लागतील, किती येतील आणि रात्री किती वाजेपर्यंत येतील, हा खरा प्रश्न आहे. या तिन्ही गोष्टींवरची बंधने मंजुरीच्या आदेशातच लिहून घेतली नाहीत, तर काम पूर्ण झाल्यावर ती मिळवणे फार कठीण जाते.

म्हणून पहिली विचारणा अशी करावी की वाढ नेमकी कशासाठी आहे. ‘विस्तार’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळी कामे येतात. पहिले काम निव्वळ सुरक्षिततेचे असते : धावपट्टीच्या टोकापलीकडे विमान घसरून गेलेच तर थांबायला मोकळी जागा असावी लागते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्या धावपट्ट्यांसाठी ही जागा किमान ९० मीटर असावी, शक्यतो २४० मीटर असावी असे म्हटले आहे. एवढ्यापुरतेच काम असेल तर वाहतूक वाढत नाही आणि विरोध करण्याचे कारणही सहसा नसते. दुसरे काम म्हणजे मुख्य पट्टी लांबवणे. त्यामुळे जास्त इंधन घेतलेली, म्हणजेच जड आणि लांब पल्ल्याची विमाने उडू शकतात. उष्ण हवेत किंवा उंचावरच्या विमानतळांवर विमानाला वेग घ्यायला जास्त अंतर लागते, तिथे ही गरज अधिक भासते. तिसरे काम म्हणजे समांतर दुसरी किंवा तिसरी पट्टी बांधणे, आणि त्यात थेट उड्डाणांची संख्याच वाढते. अहवालात पहिल्या कारणाचे वर्णन करून दुसऱ्या-तिसऱ्या कारणाची क्षमता उभी केली जात नाही ना, हे तपासणे आवश्यक असते. टॅक्सीवे (विमानांचे पट्टीपर्यंत ये-जा करण्याचे रस्ते), विमाने उभी करण्याची जागा आणि टर्मिनल यांचा आराखडा सोबत पाहिला की हेतू बहुतेक वेळा स्पष्ट होतो.

आता लांबवण्याची भूमिती पाहू, कारण जनसुनावणीत सर्वांत कमी चर्चा तिची होते आणि शेजाऱ्यांच्या हाती सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट मात्र तीच असते. उतरणारे विमान साधारण ३ अंशांच्या कोनात खाली येते, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची सोडते, आणि पट्टीच्या थ्रेशोल्डवरून, म्हणजे जिथून पुढे विमान टेकू शकते त्या खुणेवरून, ते अंदाजे १५ मीटर उंचीने जाते. थ्रेशोल्डपासून १ किलोमीटरवर घर असेल तर विमान तिथून ६७ मीटर उंचीवरून जाईल. पट्टी त्या दिशेने ६०० मीटर वाढवली आणि थ्रेशोल्डही तेवढाच पुढे सरकवला, तर तेच विमान त्याच घरावरून ३६ मीटरवरून जाऊ लागेल. अंतर जवळजवळ निम्म्यावर येणे म्हणजे आवाजात ५ ते ६ डेसिबलची भर, आणि हा फरक कोणाच्याही कानाला जाणवतो. ३ किलोमीटरवरच्या घरासाठी मात्र उंची १७२ मीटरवरून १४१ मीटरवर येते आणि आवाजातील फरक दोन डेसिबलच्याही आत राहतो. एकाच प्रस्तावाचा एका वस्तीवर जबर आणि दुसरीवर किरकोळ परिणाम होतो तो असा.

यावर एक जुना, सिद्ध उपाय आहे. पट्टी लांबवायची, पण उतरण्याचा थ्रेशोल्ड जुन्याच जागी ठेवायचा. वाढवलेला भाग मग उड्डाणाच्या धावेसाठी वापरला जातो, उतरणारी विमाने मात्र पूर्वीच्याच उंचीवरून येतात. शिवाय विमान मागून धाव घेऊ लागल्यामुळे विरुद्ध टोकाकडच्या वस्तीवरून ते थोडे अधिक उंचीने जाते. यात कोणाचेच नुकसान नाही असे म्हणणे चूक ठरेल, कारण धाव जिथून सुरू होते त्या टोकामागच्या घरांपर्यंत इंजिनांचा खोल, घुमणारा आवाज अधिक जवळून पोहोचतो. तरीही हा पर्याय तपासला का, आणि नाकारला असल्यास कोणत्या आकडेमोडीवर, हे लेखी विचारण्याचा शेजाऱ्यांना पूर्ण अधिकार आहे.

अहवालातल्या ‘नगण्य’ या शब्दाकडे वळतो. ध्वनी-नकाशांवर ज्या रेषा दिसतात त्या सरासरी आवाजाच्या असतात. दिवसभरातल्या सगळ्या विमानांची ध्वनिऊर्जा एकत्र करून ती चोवीस तासांवर पसरली जाते. युरोपातील पद्धतीत संध्याकाळच्या विमानांना ५ आणि रात्रीच्या विमानांना १० डेसिबलचा अधिभार लावला जातो, तर अमेरिकेत केवळ रात्रीचा अधिभार असतो. या पद्धतीत गणिताची चूक काहीच नाही, पण डेसिबलचे प्रमाण लॉगरिदमचे असल्यामुळे तिचा एक परिणाम फार महत्त्वाचा ठरतो : त्याच प्रकारच्या विमानांची संख्या दुप्पट झाली तरी सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते. अमेरिकेत सरासरी आवाज ६५ डेसिबल किंवा त्याहून अधिक असलेल्या भागात १.५ डेसिबलची वाढ झाली तर ती ‘लक्षणीय’ मानली जाते. याचा अर्थ उड्डाणे ४० टक्क्यांनी वाढली तरी कागदावर वाढ लक्षणीय ठरत नाही. अंगणात बसलेल्या माणसाचे बोलणे मात्र तासाला दहा वेळा तुटण्याऐवजी चौदा वेळा तुटते. माणूस सरासरी ऐकत नाही. तो एकेक विमान ऐकतो आणि दोन विमानांमधल्या शांततेची वाट पाहतो.

सिडनीत हे फार मोठी किंमत मोजून लक्षात आले. तिथली तिसरी धावपट्टी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली, आणि ज्या वस्त्या नकाशावरच्या रेषांच्या बाहेर होत्या, ज्यांना फारसा त्रास होणार नाही असे मानले गेले होते, त्याही रस्त्यावर उतरल्या. संसदीय चौकशी झाली, रात्री ११ ते पहाटे ६ या वेळेतील बंदीचा कायदा १९९५ मध्ये झाला, तासाला ८० उड्डाणांची मर्यादा आली, आणि आवाज शक्य तितक्या दिशांना वाटून देणारी योजना १९९७ मध्ये लागू झाली. पुढे ऑस्ट्रेलियातच एक साधे मोजमाप रूढ झाले : दिवसातून किती वेळा बाहेरचा आवाज ७० डेसिबलच्या वर जातो, याची नुसती मोजणी. खिडकी उघडी असलेल्या घरात बोलणे तुटण्यासाठी बाहेरचा एवढा आवाज पुरतो. हा आकडा अभियंत्यालाही समजतो आणि आजीलाही. मला विचाराल तर जनसुनावणीतली पहिली मागणी हीच असावी : प्रत्येक वस्तीसाठी असे प्रसंग आज किती, पट्टी सुरू होईल त्या वर्षी किती, आणि ती पूर्ण क्षमतेने वापरली जाईल तेव्हा किती, त्यातही दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगळे. ‘पूर्ण क्षमता’ हे शब्द आग्रहाने वापरावेत, कारण पुष्कळ अहवाल सुरुवातीच्या वर्षांचेच अंदाज देतात.

आवाजाचा त्रास म्हणजे केवळ चिडचिड, हा समज आता टिकणारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र सरासरी ४५ डेसिबलच्या खाली आणि रात्रीची सरासरी ४० डेसिबलच्या खाली ठेवावी अशी ठाम शिफारस केली. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २० विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून अधिक लोकांना विचारून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या सूत्रानुसार ६५ डेसिबलला १२ टक्क्यांच्या आसपास लोक अतिशय त्रस्त असायला हवे होते. प्रत्यक्षात ते प्रमाण ६० ते ७० टक्के निघाले. मुलांबाबतचा सर्वांत बोलका पुरावा म्युनिकचा आहे. तिथला जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला, आणि संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांच्या चाचण्या आधी व नंतर घेतल्या. जुन्या विमानतळाशेजारच्या मुलांची वाचन आणि दीर्घकालीन स्मरण यांतली पिछेहाट काही काळाने भरून निघाली, आणि नव्या विमानतळाशेजारच्या मुलांमध्ये तीच पिछेहाट दिसू लागली. या निष्कर्षात एक दिलासाही आहे, कारण आवाज थांबला तर नुकसान भरून येते. म्हणूनच शाळा आणि रुग्णालये यांची यादी अहवालात नावानिशी असावी आणि प्रत्येकासमोर आजचा व उद्याचा आवाज लिहिलेला असावा, असा माझा आग्रह असतो.

आवाजाखेरीजचे काही परिणाम अहवालांत एकदोन ओळींत उरकले जातात, त्यांचाही उल्लेख करतो. फ्रँकफर्टची वायव्येकडील धावपट्टी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाल्यावर उतरण्याच्या मार्गाखालच्या फ्लोर्सहाइम गावात घरांची कौले निसटू लागली. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात, ते विमान निघून गेल्यावर हळूहळू खाली उतरतात आणि छपरापर्यंत पोहोचले तर कौल उचलून टाकतात. शेवटी तिथे छपरांची कौले पकडींनी घट्ट बसवून देण्याची योजना आणावी लागली. ज्या घरांवरून विमान अगदी कमी उंचीने जाणार आहे, त्यांनी हा मुद्दा आधीच नोंदवावा. धुराबाबत बोलायचे तर अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर अपेक्षेपेक्षा खूप दूर जातात. लॉस एंजेलिस विमानतळावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला १६ किलोमीटरपर्यंत त्यांची संख्या वाढलेली असल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले. अग्निशमनाच्या सरावात दीर्घकाळ वापरलेल्या फेसातील टिकाऊ फ्लोरिन-रसायने अनेक विमानतळांजवळच्या भूजलात सापडली आहेत, म्हणून विस्तारासाठी जुन्या सराव-मैदानाची माती उकरली जाणार असेल तर ती कुठे टाकणार हे विचारलेच पाहिजे. पाण्याचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. चेन्नईची दुय्यम धावपट्टी अड्यार नदीवरच्या पुलावरून जाते, आणि डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. पट्टी आणि तिच्या भरावामुळे पावसाचे पाणी कोणत्या दिशेने वळेल, हे खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारावे.

घराच्या उंचीचा प्रश्न बहुतेकांना बांधकाम परवाना मागायला गेल्यावरच कळतो. दीर्घकाळ चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उतरण्याच्या मार्गाखाली एक तिरपा काल्पनिक पृष्ठभाग असतो, मोठ्या पट्ट्यांसाठी तो पहिल्या ३ किलोमीटरपर्यंत ५० मीटरला १ मीटर या दराने चढतो, आणि कोणतीही इमारत, झाड वा मनोरा त्याला छेदू नये असा दंडक असतो. थ्रेशोल्ड ६०० मीटर पुढे आला की या पट्ट्यातील परवानगीची उंची एकदम १२ मीटरने कमी होते, म्हणजे जवळपास चार मजले. ज्यांनी पुढे मजले चढवण्याच्या हिशेबाने जमीन घेतली त्यांच्या दृष्टीने हे सरळसरळ नुकसान आहे, पण जमीन ताब्यात जात नसल्यामुळे ‘बाधितां’च्या यादीत त्यांचे नाव नसते. ही यादी कोणत्या निकषावर केली आहे, ते सुनावणीआधी वाचावे.

किमतीबाबत माझे निरीक्षण असे की सर्वांत जास्त हानी अनिश्चिततेने होते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीचे उदाहरण घ्या. ब्रिटिश सरकारने २००३ मध्ये तिला तत्त्वतः पाठिंबा दिला, २००९ मध्ये मान्यता दिली आणि २०१० मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. २०१८ मध्ये संसदेने पुन्हा कौल दिला, फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने त्यामागचे सरकारी धोरण बेकायदा ठरवले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि २०२५ मध्ये सरकारने पुन्हा एकदा पाठिंबा जाहीर केला. हार्मंड्सवर्थ आणि सिप्सन या विमानतळालगतच्या गावांतील लोकांनी ही सारी वर्षे घर दुरुस्त करावे की नाही, मुलाला तिथे संसार थाटू द्यावा की नाही, हे न कळता काढली. पट्टी झाली नाही तरी गाव मात्र आतून विरत गेले. म्हणून प्रस्ताव जाहीर होण्याच्या आदल्या दिवसाचा भाव आधारभूत धरून, ठरावीक मुदतीत घर विकत घेण्याची लेखी हमी मागणे योग्य ठरते. तिचा लाभ घ्यायचा की राहायचे, हा निर्णय घरमालकाचा असावा. भाडेकरू या साऱ्या हिशेबातून गळतात, त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम हवे. घर आत्ताच विकावे का, याचे माझे उत्तर असे की घर पट्टीच्या मध्यरेषेच्या सरळ विस्तारात आणि दोनएक किलोमीटरच्या आत असेल तर हमीची वाट पाहावी, घाईने पडत्या भावात विकू नये. मध्यरेषेपासून बाजूला असलेल्या घरांना सहसा तेवढी धास्ती बाळगण्याचे कारण नसते.

लोकांना बाजूला सारून पट्टी रेटली तर काय होते, याचे उत्तर टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर मिळते. जपान सरकारने १९६६ मध्ये शेतकऱ्यांना न विचारता तिथली जागा ठरवली. संघर्षात माणसे मेली, विमानतळ १९७८ मध्ये कडक बंदोबस्तात सुरू झाला, आणि दुसरी धावपट्टी २००२ मध्ये सुरू झाली तीही जमीन न मिळाल्यामुळे २,५०० ऐवजी २,१८० मीटरची. दरम्यान नव्वदच्या दशकात गोलमेज बैठका झाल्या आणि सरकारला आपल्या पद्धतीबद्दल माफी मागावी लागली. जी चर्चा शेवटी करावीच लागली ती सुरुवातीला झाली असती, तर किती आयुष्ये वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता मागण्यांचे बोलू. फ्रँकफर्टमध्ये विस्ताराआधी मध्यस्थीची प्रक्रिया झाली आणि २००० मध्ये तिचा निष्कर्ष आला : नवी पट्टी हवी असेल तर सोबत रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणबंदी हवी. परवाना देताना मात्र रात्री सरासरी १७ उड्डाणांची मुभा ठेवली गेली. रहिवासी न्यायालयात गेले, पट्टी सुरू होण्याच्या तोंडावर राज्याच्या प्रशासकीय न्यायालयाने बंदी लागू केली आणि एप्रिल २०१२ मध्ये लाइपझिगच्या संघीय न्यायालयाने ती कायम केली. रहिवाशांना हे साधले, कारण बंदीची बोलणी प्रकल्पाच्या आरंभीच लेखी झाली होती. बैठकीत दिलेले तोंडी आश्वासन अधिकारी बदलला की संपते. परवान्यातली अट न्यायालयात मांडता येते. म्हणून वर्षभरातील एकूण उड्डाणांची कमाल मर्यादा, रात्रीची बंदी किंवा मोजका कोटा, आवाजाच्या रेषेने व्यापलेल्या क्षेत्रफळावर मर्यादा, आणि या मर्यादा ओलांडल्यास होणारा परिणाम, या चार गोष्टी परवान्यातच असाव्यात. दोन समांतर पट्ट्या असतील तर त्या पाळीपाळीने वापरण्याचे वेळापत्रकही त्यात असावे. हीथ्रोवर उतरण्याची पट्टी दुपारी ३ वाजता बदलली जाते, आणि त्यामुळे खालच्या लोकांना निदान अर्धा दिवस शांततेचा भरवसा असतो.

उड्डाणमार्गांचा मुद्दा वेगळा मांडावा लागतो, कारण अनेकदा पट्टीला मंजुरी मिळते तेव्हा मार्ग ठरलेलेच नसतात. उपग्रहाधारित मार्गदर्शनामुळे आता विमाने पूर्वीसारखी पसरून जात नाहीत, एकाच अरुंद पट्ट्यातून एकामागून एक जातात. एकूण बाधितांची संख्या त्यामुळे घटू शकते, पण ज्यांच्या डोक्यावर तो पट्टा येतो त्यांच्या वाट्याला सगळेच येते. अमेरिकेतील फिनिक्स शहरात २०१४ मध्ये असे नवे मार्ग पुरेशा सल्लामसलतीविना लागू केले गेले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ती कारवाई रद्दबातल ठरवली. तेव्हा संभाव्य मार्गांचे नकाशे सुनावणीआधी प्रसिद्ध करा, अशी मागणी रास्त आहे.

ध्वनिरोधक खिडक्या बसवून देण्याचे आश्वासन मिळाले तर ते जरूर घ्यावे, मात्र खिडकी बंद असतानाच तिचा उपयोग होतो, त्यामुळे यांत्रिक वायुवीजन आणि त्याच्या विजेचा व देखभालीचा खर्च त्यात धरलेला आहे का ते पाहावे. सिडनीत हा खर्च विमानांच्या उतरण्यावर शुल्क आकारून काढला गेला, म्हणजे पैसा उभा राहत नाही ही सबब टिकत नाही. जमिनीवरून येणाऱ्या आवाजासाठी खिडक्यांपेक्षा अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाचा प्रयोग मला अधिक आवडतो : पोल्डरबान या धावपट्टीजवळची शेते नांगरली की गावात येणारा घुमणारा आवाज कमी होतो असे आढळले, आणि त्यावरून मातीच्या समांतर वरंब्यांचे एक मोठे उद्यानच तिथे उभारले गेले.

शेवटी एक काम असे आहे की जे कोणाच्या परवानगीची वाट न पाहता या आठवड्यातच सुरू करता येते. काम सुरू होण्याआधीच्या परिस्थितीची नोंद नसेल तर नंतर वाढ सिद्ध करता येत नाही. वस्तीने मिळून प्रमाणित ध्वनिमापक भाड्याने घ्यावा, किमान दोन ऋतूंत, कारण वारा बदलला की पट्टीची वापराची दिशा बदलते, प्रत्येकी सलग दोन आठवडे रात्रंदिवस मोजणी करावी, आणि ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून साक्षांकित करून घ्यावी. घरांच्या भिंतींतले तडे व छपरांची स्थिती तारखेसह छायाचित्रांत टिपावी, विहिरी-कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी करून ठेवावी, आणि या साऱ्याची एक प्रत हरकतीसोबत जोडून पोच घ्यावी. कायमस्वरूपी ध्वनिमापक केंद्रे कुठे असावीत ते वस्तीने सुचवावे, आणि त्यांची आकडेवारी रोजच्या रोज सर्वांना पाहता यावी ही अट त्याच हरकतीत लिहावी.